कीचडवाले बाबूजी

२१ मे, रविवार. सकाळी साडेसहा. स्थळ : तलावाचा घाट, पिंपळाजवळची पायरी.

हजर : मी (तलाव समितीची सचिव). नगरपालिकेचे ओव्हरसियर. जेसीबीचा ड्रायव्हर. या तलावात शिंगाडा लावणाऱ्या शकुनबाई. घाटावरचे सलूनवाले. गाळ न्यायला आलेले शेतकरी, ट्रॅक्टर-ट्रॉलीसह, बावीस. गैरहजर : समितीचे अध्यक्ष (लांजीला लग्नाला). शेवटची नोंद : कीचडवाले बाबूजी. बोलावलेले नव्हते. आले.

हे रजिस्टर अजून माझ्या कपाटात आहे. मी शाळेच्या कार्यालयात काम करते. यादी करायची, काम झालं की टिक करायची आणि फाइल बंद करायची, यात माझी निम्मी हयात गेली. त्या रविवारची यादी मी पंधरा दिवस आधीपासून करत होते. तलावाचं पाणी उपसलं, टिक. जबलपूरच्या प्रयोगशाळेतून गाळाचा अहवाल आला, टिक. ट्रॉल्यांचा क्रम लागला, टिक. तलावाचा गाळ बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, टाकला की धान चांगलं येतं हे आमच्याकडे लहान-मोठ्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे शेतकरी स्वतःचं डिझेल जाळून गाळ न्यायला तयार होते. बालाघाटचा तलाव मोकळा होणार, खेड्यातल्या बांध्या सुधारणार. इतकं सरळ काम माझ्या हातून याआधी गेलं नव्हतं.

बाबूजी सायकलवरून उतरले. डोक्यावर खाणीतलं पिवळं हेल्मेट, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, कॅरिअरला सहा फुटी प्लास्टिकचा पाइप आडवा बांधलेला. तो पाइप घेऊन ते बाजारातून जात तेव्हा दोन्ही बाजूंची माणसं मागे सरकत, आणि बाबूजींना वाटे की लोक आपल्याला मान देत आहेत.

मॅंगनीजच्या खाणीत त्यांनी आयुष्यभर एकच काम केलं होतं : नमुना घेणं. खनिजाचा ढिगारा केवढाही असो, त्यातून परातभर माल असा काढायचा की त्या परातीनं सगळ्या ढिगाऱ्याची खरी बातमी सांगावी. निवृत्तीनंतर ढिगारे संपले, सवय राहिली. मग त्यांनी तलाव धरला. मला वाटतं, आमच्या तलावाकडे नीट पाहणारा सगळ्या शहरात तो एकच माणूस होता. बाकीचे आम्ही नाकाला रुमाल लावून पुलावरून जात होतो.

"रिपोर्ट दाखवा," ते मला म्हणाले.

मी फाइल उघडून दिली. त्यांनी चष्मा काढला आणि भिंगासारखा कागदावर धरला.

"नमुना कोणं घेतला?"

"मी."

"कुठून?"

"इथूनच. घाटाच्या शेवटच्या पायरीखालून."

"म्हणजे पाय नाही भिजवले?"

पाय काय, माझी चप्पलसुद्धा भिजली नव्हती.

"सेक्रेटरीबाई, दर साली विसर्जनाच्या आधी ह्या पायरीखालचा गाळ कोण काढते?"

"आपणच काढतो. समिती."

"मंग? सगळ्या तलावात जेवढी जागा आपण झाडून-पुसून ठेवतो, तेवढ्याच जागेचा नमुना तुम्ही जबलपूरले पाठवला. पाहुणा यायच्या आधी झाडलेली खोली दाखवून म्हणता, पाहा, घर कसं साफ आहे."

शेतकऱ्यांतलं कोणीतरी हसलं. माझे कान तापले. मी ओव्हरसियरना म्हटलं, मशीन सुरू करा, उशीर होतो आहे. ड्रायव्हर वळला, तर बाबूजी त्याच्या आधी जेसीबीजवळ पोचले होते. बकेट जमिनीला टेकलेलं होतं. ते आत चढले, मांडी घातली आणि डबा उघडला.

"बाबूजी, नीचे आ जाइए," ओव्हरसियर म्हणाले. "रिपोर्ट आ चुका है, साइन भी हो गया है."

"साइन करने वाले का पैर गीला हुआ था क्या?"

"देखिए, बाईस ट्रॉली खड़ी है."

"खड़ी रहने दो. मेरा नाश्ता बाकी है."

डब्यात पोहे होते. बाबूजींनी ते डब्याच्या झाकणावर ओतले, बोटांनी शंकूसारखा ढीग केला, वरून दाबून सपाट केला आणि चमच्यानं अधिक चिन्हासारख्या दोन रेघा ओढून चार वाटे केले. समोरासमोरचे दोन वाटे परत डब्यात. उरलेले दोन मिसळून पुन्हा ढीग, पुन्हा चार वाटे. मग खायला सुरुवात. खाणीत नमुना असाच लहान करत नेतात. बाबूजी काहीही असंच हाताळत, हे मला पुढे कळलं. मुरमुरे, चहाची पत्ती, गल्लीतल्या लोकांचे अर्ज. एकदा मी त्यांच्याकडे तलावाच्या वासाबद्दलच्या तक्रारींचा गठ्ठा घेऊन गेले. त्यांनी तो पत्त्यांसारखा पिसला, चार ढीग केले आणि दोन मला परत दिले.

"हे वाचायची गरज नाही. ह्याच्यात तेच असन."

"आणि वेगळं काही निघालं तर?"

"तं मी नीट पिसलं नाही म्हणा." आणि खरोखरच सगळे अर्ज परत घेऊन त्यांनी पुन्हा पिसले.

त्यांच्या घरी ओळीनं काचेच्या बरण्या होत्या. प्रत्येकीत तलावाच्या एकेका जागेचा गाळ, थर न मोडता भरलेला. बरणीवर एक चिठ्ठी आणि आत दुसरी, कारण बाहेरची गळून पडते. दोन्ही पेन्सिलीनं लिहिलेल्या, कारण पाण्यात शाई पळते. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, मला चहा देताना म्हणाल्या होत्या, "लोकाइच्या घरी बरणीत लोणचं असते जी. माह्या घरी तलाव आहे."

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी माझ्यासमोर फक्त एक म्हातारा बकेटमध्ये बसून पोहे खात होता आणि माझी यादी उन्हात तापत होती. शेवटी मी म्हटलं, "दहा मिनिटं. काय दाखवायचं ते दाखवा."

ते उतरले, पाइप घेतला आणि सरळ गाळात शिरले. घाटापासून लांब, जिकडे गॅरेज आणि जुन्या बॅटऱ्यांच्या दुकानांच्या गल्लीतून नाला येतो, तिकडे. मांडीपर्यंत रुतले. लाकडी हातोड्यानं पाइप खाली ठोकला, वरच्या तोंडाला बूच मारलं, हलवत हलवत उपसला आणि काठावर येऊन पोत्यावर अलगद रिता केला.

वर दोन बोटं तपकिरी माती. तिच्याखाली वीतभर थर, तव्याच्या बुडासारखा काळा, चिकट. त्यातून जे पाणी सुटलं त्यावर तेलाचे रंग फिरत होते. सगळ्यात खाली राखी, घट्ट, स्वच्छ चिकणमाती.

"घ्या," बाबूजी शेतकऱ्यांना म्हणाले. "खालची माती तुमच्या आज्यानं नेली असन. काळी कोणाले पाहिजे? वास घेऊन सांगा."

एक जण वाकला आणि तसाच मागे झाला. "घासलेट आहे का जी हे?"

तेव्हा शकुनबाई पुढे येऊन बोलल्या. "मी तं कवाची सांगून राह्यली. त्या कोपऱ्यात उतरलं का पाय खाजवते, रातभर आग होते. म्हणूनच तं तिकडे शिंगाडा लावणं सोडलं. पण मले इचारलं कोणं?"

कोणी नव्हतं विचारलं. माझ्या यादीत 'शकुनबाईंना विचारणे' असं कलम नव्हतं. तलावात रोज उतरणारी माणसं आमच्या बैठकीला फक्त सही करायला येत.

बावीस ट्रॉल्या रिकाम्या परत गेल्या. जाताना लोकांनी मला जे ऐकवलं त्यातलं सौम्य तेवढं सांगते : "बाई, पुढच्या टायमाले बोलवान तं आधी स्वतः उतरून पाहान." मी रजिस्टर बंद केलं. बाबूजी पाय धूत होते.

"एक गोष्ट सांगायची राहिली," मी म्हटलं. "काल संध्याकाळी एक ट्रॉली गेली आहे. त्याच नाल्याच्या बाजूची. तिथे रस्ता जवळ पडतो म्हणून."

"कोणाची?"

"माझ्या भावाची."

त्यांनी हेल्मेट काढलं. बाबूजींना हेल्मेटशिवाय मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

भावाची शेती राजेगावच्या रस्त्याला आहे. धाकटा भाऊ. पहिली ट्रॉली त्याची असा क्रम मीच लावला होता, आणि फोन करून मीच सांगितलं होतं की फुकट सोनं आहे, घेऊन जा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी आणि बाबूजी निघालो. पाइप बसच्या टपावर. बांधावर पोचलो तेव्हा भावानं ढीग फोडून अर्ध्या बांधीत पसरलाही होता.

"काढावा लागेल," मी म्हटलं.

"काय?"

"हा गाळ. वाईट आहे. मी चुकीच्या जागेचा नमुना पाठवला होता."

तो फावड्यावर हात ठेवून माझ्याकडे वळला. "ताई, तूच म्हणे का चांगला आहे."

"हौ. मीच म्हटलं."

"आता तूच म्हणते काढ. मंग धानाचे पऱ्हे कवा टाकू? आभाळ पाह्यलं का?"

आभाळ मी पाहिलं होतं. त्या वर्षी वळवाचे ढग लवकर जमायला लागले होते. बाबूजी तोवर खाली बसून काळा गाळ अंगठ्यावर चोळत होते.

"रिपोर्ट येईपर्यंत थांबता येईल का?" मी विचारलं. मला वाटलं, हा माणूस नमुन्याशिवाय एक पाऊल टाकत नाही, तो हो म्हणेल आणि मला चार दिवस मिळतील.

"नमुना तं मी घेईन," ते म्हणाले. "पण रिपोर्टच्या आधी पाणी येईन. पाणी आलं का हे मातीत मुरन, आन् बांध फोडून शेजाऱ्याच्या बांधीत जाईन. मंग कोणाची कोणाची माती खरडान? आजच काढा."

भाऊ म्हणाला, "तुमाले काय जाते बोलाले. मजूर कोण देईन?"

बाबूजींनी कुडता काढून बाभळीला टांगला आणि त्याच्या हातातलं फावडं घेतलं.

दोन दिवस आम्ही ती बांधी खरडली. बाबूजींनी दोरी बांधून चौकोन पाडले होते, एक चौकोन पूर्ण स्वच्छ झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. काळं संपून पिवळसर माती लागली की ते गुडघ्यावर बसून वास घेत आणि म्हणत, "आणखी दोन बोटं." सत्तरी ओलांडलेला माणूस. मी घमेली वाहत होते. भावजय पाणी आणून देत होती. भाऊ पहिल्या दिवशी बांधावर पाठ करून बसला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो उठला, ट्रॅक्टर घेऊन आला आणि खरडलेला गाळ ट्रॉलीत भरायला लागला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाऊस आला.

अहवाल त्यानंतर आला. शिसं होतं, जळालेलं तेल होतं, शेतात टाकू नये असं लिहिलेलं होतं. मी तो बाबूजींना दाखवायला नेला. त्यांनी दोनदा वाचला, घडी घातली.

"तुमच्या यादीत 'झाले' लय लवकर येते, सेक्रेटरीबाई," ते म्हणाले. एवढंच. त्या चुकीबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत, आणि दुसऱ्या कोणाला बोलूही दिलं नाही. समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी विषय काढला तेव्हा म्हणाले, "चुकली तं चुकली. चुकल्यावर घमेलं उचलणारी सचिव तुम्ही आणखी एक आणून दाखवा."

पावसाळा गेल्यावर पाणी पुन्हा उपसून काम नव्यानं सुरू झालं. बाबूजींनी कोरड्या पडलेल्या तलावात बांबू रोवले, नायलॉनची दोरी ओढली आणि छत्तीस चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनाचा नमुना. पुढे शकुनबाई चालत, कारण कुठे पाय किती रुततो हे त्यांना ठाऊक. त्यांच्या मागे पाइप घेऊन बाबूजी. त्यांच्या मागे चिठ्ठ्या आणि पेन्सिल घेऊन मी, गमबूट घालून. शाळेतले सहकारी पुलावरून हाका मारत, "मॅडम, मछली पकड़ रही हैं क्या?" पहिल्या दिवशी मला लाज वाटली. चौथ्या दिवशी मीच वरून ओरडणाऱ्यांना म्हटलं, या खाली, एक चौकोन तुम्हाला देते.

राखी माती निघाली ते चौकोन शेतकऱ्यांना दिले. काळे निघाले त्यांच्यासाठी गावाबाहेर नगरपालिकेच्या जागेवर खड्डा खणायचा, त्याला खालून-बाजूनं चिकणमाती आणि जाड प्लास्टिकचं अस्तर लावायचं, भरून झाल्यावर वरून पुन्हा झाकायचं, असं ठरलं. ओव्हरसियरना अस्तराचं काम घाईत उरकायचं होतं. बाबूजींनी बादलीभर पाणी खड्ड्यात ओतलं आणि काठावर खुर्ची टाकून बसले. पाणी मुरलं. अस्तर पुन्हा घातलं गेलं. दुसऱ्या वेळी ते संध्याकाळपर्यंत बसले, पाणी तसंच राहिलं, मग घरी गेले. तेव्हापासून ओव्हरसियरही त्यांच्याआधी स्वतः बादली ओतून पाहायला लागले.

खड्डा भरायला सुरुवात झाली ती पुढच्या उन्हाळ्यात. भावाच्या बांधीतून खरडलेला गाळ वर्षभर नगरपालिकेच्या त्याच जागेवर ताडपत्रीखाली पडून होता. भाऊबीजेला भाऊ आला होता, ओवाळून घेतलं, जेवला, शेताचा विषय मात्र काढला नव्हता. त्या सकाळी मी ट्रॉल्यांची यादी घेऊन फाटकाशी उभी होते, तर राजेगावकडून एक ओळखीचा ट्रॅक्टर आला. मी बोलावलं नव्हतं.

"माह्या बांधीची माती आहे ना? मंग पहिली ट्रॉली माहीच जाईन," भाऊ म्हणाला. मग बाबूजींकडे पाहून, "काय बाबूजी, यंदा पोहे आणले का?"

"आणले. चार वाटे करतो, दोन तुमचे."

खड्ड्यात पहिली ट्रॉली माझ्या भावाची रिकामी झाली. रजिस्टरमध्ये ते मी तिथेच, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवून लिहिलं.

आता आमच्या घाटावर या. पायऱ्या दुरुस्त झाल्या आहेत. काठाला सिमेंटची भिंत घालायची असं वरून आलं होतं. बाबूजींनी ते होऊ दिलं नाही, म्हणाले, माती पाण्याला सांभाळेल, तुम्ही गवत लावा. उताराला गवत आणि बेशरमच्या झुडपांऐवजी वाळा लावला आहे. सलूनवाल्यांनी खुर्चीचं तोंड भिंतीकडून तलावाकडे केलं, हजामत करताना लोक पाणी बघतात. संध्याकाळी बसायला जागा मिळत नाही. वारासिवनीहून कोणी पाहुणे आले की आम्ही त्यांना आधी घाटावर नेतो, चहा नंतर. पूर्वी याच पुलावरून आम्ही पाहुण्यांना रिक्षाचा पडदा ओढून न्यायचो.

आणि शिंगाडा परत आला. शकुनबाईंनी पस्तीस चौकोनांत वेल सोडले. कार्तिकात पहिली टोपली त्यांनी बाबूजींच्या दारात ठेवली. "खाऊन पाहा जी. तुमच्या तलावाचे."

बाबूजींनी टोपली ओसरीवर ओतली, ढीग केला, चार वाटे केले. दोन वाटे पिशवीत घालून चिठ्ठ्या लावून जबलपूरला. उरलेले दोन समोर.

"हे तरी खा," काकू म्हणाल्या.

"रिपोर्ट येऊ दे."

अहवाल येईपर्यंत शिंगाडे सुकून खडखडीत झाले. अहवाल चांगला आला. तेव्हा बाबूजींनी एक सुका शिंगाडा अडकित्त्यानं फोडला, बराच वेळ चघळला आणि शकुनबाईंना म्हणाले, "विका आता. कोणं विचारलं तं माहं नाव सांगा." त्या हंगामात शकुनबाई बाजारात बसून ओरडत होत्या, "तलावाचे शिंगाडे, कीचडवाल्या बाबूजीनं खाल्लेले!" आणि टोपली दुपारच्या आत संपत होती.

या पौषात बाबूजी गेले. सकाळी हेल्मेट घालून सायकल पुसत होते, तिथेच बसले. अंत्ययात्रा घाटावरून न्यावी असं काकूंनी सांगितलं. तलावाच्या कडेनं जाताना पुढे तलावावरचे मच्छीमार होते, मागे ओव्हरसियर, आणि राजेगावहून आलेला माझा भाऊ खांदा देत होता.

तेराव्यानंतर काकूंनी मला बोलावून पाइप, हातोडा आणि एक रिकामी बरणी दिली. बरणीत आणि बरणीवर चिठ्ठी होती, पेन्सिलीनं लिहिलेली : "चौकोन ३६. नाल्याचं तोंड." तारखेची जागा कोरी.

पहिल्या नमुन्यानंतर हा एकच चौकोन आम्ही न उपसता सोडला होता. नाला वाहतोय तोवर तिथला गाळ काढून उपयोग नाही, उद्या पुन्हा तोच येणार, असं बाबूजींचं म्हणणं होतं. आधी गल्लीत गाळण्याची टाकी होऊ द्या, तिच्यावरून एक अख्खा पावसाळा जाऊ द्या, पाणी उतरू द्या, मग नमुना. टाकी झाली. पावसाळा गेला. आता चैत्र आहे आणि तिथे गुडघाभर पाणी उरलं आहे. काल शकुनबाई घाटावर भेटल्या.

"बाई, तो कोपरा कवा? आषाढात वेल लावाचे आहेत मले."

"बघते."

"पाहून नाही होत जी. उतरा लागते."

भावाला फोन केला आहे, हातोडा मारायला तो येतो म्हणाला. गमबूट काढून पुसून ठेवले. पेन्सिलीला टोक केलं. रजिस्टरमध्ये या पानावर एकच कलम आहे, आणि त्याच्यासमोरचा टिकचा रकाना मी रिकामा ठेवला आहे :

चौकोन ३६. नमुना घेणे. बाकी.